पाच वाजताची पंगत

या अंकाचे संपादक अधूनमधून आमच्याकडे जेवायला येतात. "दत्ता, तुझ्या कामाबद्दल लिही ना काहीतरी," असं ते म्हणाले तेव्हा मला आधी वाटलं, यांच्या ताटात काही निघालं की काय. माझा स्वभावच तसा आहे. कुणी नावानं हाक मारली की आपलं काय चुकलं ते आठवू लागतो. मालकीण, म्हणजे वैशालीताई, "जरा बोलायचंय" म्हणाली की मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतो. मग ती म्हणते, उद्या टोमॅटो जास्त आण. बॅग पुन्हा रिकामी.

सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं छापायला लिहायचं म्हणजे अवघडच. पण ताई म्हणाली, "गिऱ्हाइकाला पदार्थ समजावून सांगतोस ना, तसं सांग." तर तसंच सांगतो.

मी वाशीमचा नाही. मी चंदगडकडचा. आमच्या भागातली पोरं कामाला गोव्याला जातात, जवळ पडतं म्हणून. मीही गेलो, भांडी घासायला. भांड्यांवरून चिरण्यावर आणि चिरण्यावरून शेगडीवर यायला बरीच वर्षं गेली. शेवटच्या हॉटेलात वैशालीताई मुख्य स्वयंपाकी होती. ती मूळची वाशीमकडच्या मेडशीची. इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते ना, त्या टाचेतल्या एका गावात, लहानशा जेवणघरात तिनं काही वर्षं काम केलं होतं. वडील थकले तसं ती इकडे परत यायला निघाली आणि मला म्हणाली, "वाशीमला स्वतःचं सुरू करतेय. येतोस?" मी आधी हो म्हणालो आणि वाशीम कुठं आहे ते नंतर कुणाला तरी विचारलं. आयुष्यात मला "येतोस का" असं विचारणारी माणसं थोडी भेटली. बाकीच्यांनी "ये" नाही तर "जा" एवढंच म्हटलं. त्यामुळे तो प्रश्न मी अजून विसरलो नाही.

आमच्या पाटीवर 'बिस्त्रो' लिहिलंय. ते म्हणजे काय, हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं. मी सांगतो, मोठं हॉटेल नव्हे आणि खानावळही नव्हे. गल्लीतलं, ओळखीच्या माणसांचं, मोजक्या टेबलांचं जेवणघर. आज काय आहे ते दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं. गल्लीतले लोक मात्र आम्हाला 'इटलीवाली' म्हणतात.

इटली म्हटलं की लोकांना पिझ्झा आठवतो आणि भरपूर चीज. आमच्याकडे ते नाही. ताई जिथं राहिली तो कोरडवाहू शेतकऱ्यांचा मुलूख. तिथलं जेवण म्हणजे कडक गव्हाचा रवा, हरभरा, वाल, वांगी, टोमॅटो आणि रानातला कडू पाला. अंडं महाग, म्हणून शेवया नुसत्या रव्यात पाणी घालून मळायच्या. आपल्याकडचा बन्सी गहू त्याला चपखल बसतो. त्यांच्याकडे वालाच्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण करतात, वर उकडलेला कडू पाला आणि कच्चं तेल. आम्ही पाल्याच्या जागी मेथी घेतो. अजून एक पदार्थ म्हणजे हरभऱ्याच्या रश्शात कणकेच्या पट्ट्या, काही शिजवलेल्या, काही कुरकुरीत तळून वर टाकलेल्या. पहिल्याच आठवड्यात एका गुरुजींनी तो खाल्ला, ताट चाटून पुसून ठेवलं आणि मला बोलावलं. मी फडक्याला हात पुसत गेलो.

"बापू, याले आमच्या घरी चकोल्या म्हनतात," ते म्हणाले. "अन् आमच्या घरी फुकट भेटतात."

पुढच्या रविवारी ते सगळं घर घेऊन आले. सुनेला म्हणाले, "पाह्य, असं कराले शिक." सुनेनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

सुरुवातीला शेवया परत यायच्या. त्या तिकडे किंचित चावाव्या लागतील अशाच ठेवतात, आणि इथं गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, कच्च्या राह्यल्या." मी पुन्हा शिजवून द्यायचो आणि रात्रभर विचार करायचो की आता हे बंद पडणार. ते बंद पडलं नाही, त्याचं एक कारण अनसिंगच्या कांताबाई. इकडे उन्हाळ्यात बायका सरगुंडे करतात. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवायची, वाळवायची आणि आंब्याच्या रसाबरोबर खायची. तिकडेही लोखंडी सळईवर नेमकं हेच करतात. कांताबाई ताईकडे पोळ्या लाटायला म्हणून आल्या आणि सळई हातात घेतल्यावर म्हणाल्या, "हे कोनं चोरलं व आमचं?" तेव्हापासून आमच्या सगळ्या शेवया त्यांच्या हातच्या.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हॉटेलातली माणसं गिऱ्हाइकाच्या वेळेला जेवू शकत नाहीत. म्हणून दार उघडण्याआधीच सगळे जेवून घेतात. आमच्याकडे ती वेळ संध्याकाळी पाचची. जे उरलंय, जे लवकर होतंय, ते करायचं. कांताबाई पायरीवर बसायच्या, ताई फोनवर बोलत बोलत खायची आणि मी ओट्यापाशी उभ्यानंच. माझा एक डोळा कायम गॅसवर. गोव्यातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत मी उभ्यानंच जेवलो. बसलेला माणूस कामाचा दिसत नाही, अशी एक भीती माझ्या मनात बसली होती. रात्री आवरून झालं की मी घरी आईला फोन लावतो. ती विचारते, "जेवलास?" मी म्हणतो, "जेवलो." आमचं बोलणं एवढंच.

हरभरा निघायच्या दिवसांत एका दुपारी दार वाजलं. 'बंद' ची पाटी लावलेली होती. बाहेर एक म्हातारं जोडपं. बाईंच्या हातात पाण्याचा तांब्या, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं.

"बंद आहे, काकू. सातला या," मी म्हणालो.

"सातले येऊन काय करू? दिवस मावळल्यावर मी पानीबी पेत नाही." त्या आत शिरल्यासुद्धा. "मले जेवाचं नाही. विचाराचं हाये."

त्या सुलोचनाकाकू. कारंजा लाडच्या, जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही आणि दिवस मावळला की जेवण बंद. काकांचं तिथं धान्याचं दुकान. एस.टी.नं आले होते दोघं. त्यांचा एकुलता एक मुलगा निशांत इटलीत, तोही त्या टाचेतच, नोकरीला. त्यानं तिकडच्याच मुलीशी लग्न केलेलं. सून लुचिया, तिला आई नाही. आणि आता तिला दिवस गेले होते, जूनमध्ये बाळ होणार होतं. मुलगा म्हणत होता, आई, ये.

"सगळे म्हनतात जा," काकू म्हणाल्या. "पन तिथं मी खाऊ काय? कोनी सांगत नाही. तुमी तिकडचं रांधता असं आयकलं. मले सगळं दाखवा. अन् गोड बोलू नका. मी म्हातारी हाये, येडी नाही."

काका दारातच खुर्ची ओढून बसले होते. ताईनं त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, "मी बाहेरच बरा. मले इटलीले जाचं नाही. दुकान कोन पाहीन?"

त्या दुपारी ताईनं आणि मी मिळून त्यांना एकेक दाखवलं. शेवयांत अंडं? नाही, रवा आणि पाणी. लसूण? तिकडे फोडणीला असतो, पण अख्खी पाकळी टाकून काढून घेतात. आधी सांगितलं तर टाकणार नाहीत. चीजची पाळी आली तसा मी ओटा पुसायला लागलो. ताईनं डोळ्यानंच खूण केली, सांग. मी सांगितलं की तिकडचं कडक चीज जमवायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. काकूंनी तोंडावर पदर घेतला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. मंग मी ते खानार नाही. पुढं बोल."

मी नव्या कढईत, नव्या तेलात, त्यांनी आणलेल्या गाळलेल्या पाण्यात हरभऱ्याच्या रश्शातल्या पट्ट्या करून दिल्या. वालाचं वरण दिलं. काकूंनी हातानं कालवून खाल्लं. चेहरा सैल झाला.

"हे तं आपलंच हाये," त्या म्हणाल्या. "निशांत एवढे दिवस हेच खाऊन राह्यला? अन् मी समजत होती, पोरगं उपाशी असंल." मग सहज विचारल्यासारखं: "जेवतात कवा तिकडचे?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. खोटं बोलणं सोपं होतं.

"दुपारी दीडला," ताई म्हणाली. "आणि रात्री साडेआठ-नऊला, काकू."

काकूंनी हात आखडला.

"निशांतबी तेच म्हने. म्हने, आई, तू आधी जेवून घे, आमी मागून जेवू." त्यांनी बोटं पुसली. "मी घरात एवढी मानसं असताना एकटी कवा जेवली नाही. ते दिवसभर आपापल्या कामाले. रात्री सगळे बसतीन अन् मी भिंतीले टेकून त्याइचे तोंडं पाहीन? पाव्हनी म्हनून पडून राहाले मी कायले जाऊ?"

दारातून काका म्हणाले, "चाल मंग. बस जाईन."

पण तेवढ्यात आमची जेवायची वेळ झाली होती. कांताबाई पायरीवर ताटली घेऊन बसल्या, मी ओट्यापाशी उभा राहिलो. काकू बघत होत्या.

"हा बैलावानी उभ्यानं काहून खाऊन राह्यला?"

"त्याची सवय हाये, काकू," कांताबाई म्हणाल्या. "बसला तं त्याले वाटते, नोकरी जाईन."

कांताबाईंना हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी कधी बोललो नव्हतो.

"बस खाली," काकू म्हणाल्या. "ए पोरी, तूबी फोन ठेव. चला सगळे. एक घासच राह्यला माह्या ताटात, पन सोबतीनं खाईन." त्यांनी काकांनाही आत आणलं. समोरच्या काचेजवळची दोन टेबलं जोडली आणि आम्ही सगळे बसलो. मी खुर्चीच्या कडेवर. गॅस दोनदा तपासून आलो. दिवस अजून वर होता.

त्यानंतर काकू येत राहिल्या. काकांच्या गुडघ्याला दाखवायला वाशीमला यावं लागायचं, ते निमित्त. दुपारी यायच्या, शिकायच्या, पाचला आमच्या पंगतीला बसायच्या आणि बसनं परत. शिकायचं कशाला, जायचं ठरलेलं नसताना? ते आम्ही कुणी विचारलं नाही. कांताबाईंशी त्यांची दर वेळी जुंपायची.

"काकू, तुमची वळी जाड होऊन राह्यली."

"मले नको शिकवू व. तुह्या वयाची होती तवा सूपभर सरगुंडे करत होती मी."

"मंग तवाच्यानं काडीबी तेच वापरता काय? वाकडी झाली ते."

मी हसायचो, पण आत धाकधूक. त्या बाईचा पहिला नातू की नात तिकडे येणार होती. आईविना पोरगी बाळंत होणार होती. आणि त्यांचं जाणं अडलं होतं जेवायच्या वेळेवर. बाहेरच्याला हे हसण्यासारखं वाटेल. मला नाही वाटलं. मी घर सोडलं तेव्हापासून एकटा जेवलेला माणूस आहे. ते काय असतं ते मला माहीत आहे. फक्त मी त्याला कधी नाव दिलं नव्हतं.

ऊन तापायला लागलं तेव्हा एकदा काकू आल्या त्या काहीच न बोलता. शिकणं नाही, भांडण नाही. कांताबाईंनी वळीवरून टोमणा मारून पाहिला, तोही वाया गेला. पाचला जेवायला बसलो तेव्हा म्हणाल्या, "आज निशांतले सांगून टाकते. नाही येत म्हनून. तिकीट काढाच्या आधी सांगितलेलं बरं."

काका ताटात बोटानं रेघा मारत होते. समोरच्या काचेतून ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, ते हातानं आड करत होते. ताई उठली आणि काचेवरची बांबूची चिक खाली सोडू लागली. बोलायचं म्हणून बोलली, "हे काम काही माझं सुटत नाही. तिकडेही उन्हाळाभर हेच. पहिली गिऱ्हाइकं जेवायला बसली की त्यांच्या डोळ्यांवर ऊन, मी बाहेर जाऊन कापडी छत खाली ओढायचे. रात्री आठ वाजता."

"रात्री आठले?" काका म्हणाले. "ऊन?"

"जूनमध्ये, हो."

काकूंचा घास हातातच राहिला. "काय म्हनली तू?"

ताईचा हात चिकेच्या दोरीवर तसाच थांबला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. तिथं इतकी वर्षं राहिलेली बाई, काकूंना सगळं खरं सांगायला बसलेली. चीज सांगितलं, लसूण सांगितला, आणि हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं असतं तरी कसं? तिच्या डोक्यात रात्री आठ म्हणजे रात्र. आमच्याही. जेवायची वेळ आपण घड्याळावर धरली होती. काकू धरत होत्या ती सूर्यावर.

"फोन लाव," काकू काकांना म्हणाल्या.

निशांतला सुट्टी होती, तो घरी जेवायलाच बसला होता. आपल्याकडे पाच म्हणजे तिकडे दुपारचं जेवण. स्क्रीनवर तो आणि त्याच्या मागे पोटावर हात ठेवून उभी असलेली लुचिया.

"निशांत, जूनमंदी तिकडं दिवस कवा मावळते?"

"का गं, आई?"

"सांग."

"साडेआठ होत असतील. का?"

"मंग हे तू मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलंच नाहीस! तू विचारलं, जेवता कधी. मी म्हटलं, नऊला." मग त्यालाही उमगलं असावं. त्यानं मागे वळून लुचियाला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. त्यानं आमच्याकडे तोंड केलं. "आई, ती म्हणते, आम्ही पावणेआठला बसू. सगळे. तिला तसंही आता उशिरा जेवलेलं पचत नाही."

लुचिया पुढे आली. मराठी शब्द जपून, एकेक उच्चारत म्हणाली, "आई. या."

काकूंनी हातातला घास तोंडात घातला आणि संपवला. मग काकांना म्हणाल्या, "काडी बांधून द्या मले. सामानात मोडाले नको."

"वाकडीच हाये, आनखी काय मोडीन," कांताबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला मोरीकडे गेल्या.

काकू गेल्या. जूनमध्ये एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा ताईचा फोन वाजला. तिनं तो हरभऱ्याच्या बरणीला टेकवून उभा केला. तिकडे दुपारचं टेबल मांडलेलं. काकू मधोमध, मांडीवर गुंडाळलेलं बाळ, नात. पुढ्यात ताट आणि ताटात काडीवर वळलेल्या शेवया. आमच्यापुढेही त्याच.

"काल जेवून झालं तरी दिवस मावळाले येळ होता," काकू म्हणाल्या. "मीच आधी उठली, हे सगळे बसूनच राह्यले. लय गप्पा मारतात." मग त्यांनी फोन जवळ घेतला, एवढा की त्यांचा एकच डोळा दिसत होता. "दत्ता बसला का?"

"बसलाय, काकू," ताई म्हणाली.

"नीट बसला का? कडेवर नाही ना?"

मी खुर्चीत मागे सरकलो.

त्या दिवशी गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. मी मागच्या दारात गेलो आणि आईला फोन लावला. माझा फोन रोज रात्री, सगळं आवरल्यावर. अशा वेळेला कधी नाही. ती घाबरूनच बोलली, "काय झालं?"

"काही नाही. सहज." आणि मग मी तिला ते विचारलं, जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "आई, तू रात्री कधी जेवतेस?"

"तुझा फोन येऊन गेला की," ती म्हणाली.

आत कांताबाई ताटं उचलत होत्या. ताई फळ्यावर आजचे पदार्थ लिहीत होती. आता मी रोज जेवायला बसायच्या आधीच आईला फोन लावतो. फोन बरणीला टेकवून ठेवतो. तिकडे गावी ती चुलीपुढे ताट घेऊन बसते आणि म्हणते, एवढ्या उजेडात कसलं जेवण रे. पण जेवते.